भामट्यांची भाषा लिहून कोणी ठेवली?

प्रश्न असा आला आहे: जुन्या काळी चोर, फिरते भिकारी, ठग यांची स्वतःची गुप्त भाषा असायची असं वाचनात येतं. ती खरंच होती, की पुस्तकं खपावीत म्हणून कुणीतरी रचली? आणि या लोकांच्या युक्त्या नेमक्या काय होत्या?

आधी थोडक्यात सांगतो. युक्त्या बहुतेक खऱ्या. शब्दही खरे, पण पुस्तकांत दिसतात तितके नाहीत. मी तीस-एक वर्षं कोशाच्या कामात घालवली, त्यातली निम्मी धंद्यांच्या आणि फिरत्या लोकांच्या बोलीचे शब्द गोळा करण्यात गेली. त्यामुळे असा शब्दसंग्रह हातात आला की माझी नजर शब्दाच्या आधी लिहिणाऱ्याकडे जाते. त्याला हा शब्द कुणी सांगितला, आणि सांगणाऱ्याच्या मानेवर तेव्हा कुणाचा हात होता?

इंग्लंडचंच उदाहरण घेतो, कारण तिथला कागद भरपूर आहे. सोळाव्या शतकात तिथं रस्त्यांवर बेवारस माणसांची रीघ लागली होती. लोकसंख्या वाढली, भाव वाढले, शेतं कुंपणं घालून मेंढ्यांना दिली गेली, आणि १५३६ ते १५४० च्या दरम्यान आठव्या हेन्रीनं मठ मोडून टाकले. भुकेल्याला मठाच्या दारात भाकरी मिळायची, तीही गेली. कायदा मात्र चाबूकच दाखवायचा. १५७२ च्या कायद्यानं तर धडधाकट भटक्याला फटके मारून उजव्या कानाच्या पाळीत तापलेल्या सळईनं भोक पाडण्याची सोय केली. तिसऱ्यांदा सापडला तर फाशी.

या काळात केंट परगण्यात टॉमस हार्मन नावाचा एक जमीनदार होता. तब्येतीमुळे घरातच असायचा आणि दारात येणाऱ्या प्रत्येक भिकाऱ्याची उलटतपासणी घ्यायचा. खायला-प्यायला द्यायचं, गोड बोलायचं, नाव कुठे फोडणार नाही म्हणून शब्द द्यायचा, आणि सगळं काढून घेतलं की छापायचं. १५६७ च्या त्याच्या पुस्तकात भटक्यांचे २४ प्रकार आहेत आणि शेवटी खऱ्या माणसांच्या नावांची यादीसुद्धा आहे. त्याच्याच विहिरीशेजारच्या खोलीतून तांब्याची मोठी कढई चोरीला गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं माणूस धाडून लंडनच्या दक्षिणेकडच्या सगळ्या कल्हईवाल्यांना वर्दी दिली, आणि कढई परत मिळवली. माणूस चिकट होता, यात शंका नाही.

त्याची सगळ्यात चांगली गोष्ट निकोलस जेनिंग्जची. १५६६ च्या १ नोव्हेंबरला, सकाळी लवकर, हार्मन लंडनमध्ये जिथं उतरला होता त्या घराखाली एक माणूस विव्हळत भीक मागत होता. कमरेच्या वर अंगात फक्त ठिगळांचं जुनं कातडी जाकीट, डोक्याला मळकं फडकं, तोंडभर ताजं रक्त, कपडे चिखलानं माखलेले. मला फिट येतात, जवळच्या घाण गल्लीत पडलो होतो, म्हणाला. घरातल्या बायका कळवळल्या. हार्मन म्हणाला, रक्त धुऊन घे, पाणी देतो. तो म्हणाला, नको, धुतलं की पुन्हा वाहायला लागेल.

इथंच हार्मनला वास आला. कुठं उपचार घेतले विचारल्यावर त्यानं बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव सांगितलं, तिथल्या रखवालदाराचं नावही सांगितलं. हार्मननं आपल्या छापखानेवाल्याकरवी चौकशी केली. असा कुणी तिथं कधी नव्हताच. मग छापखान्यातली दोन पोरं त्याच्या पाळतीवर सोडली. दुपारी हा बाबा शेतात आडोशाला गेला, पिशवीतलं रक्त पुन्हा तोंडाला लावलं, थोडा चिखल चोपडला आणि परत धंद्याला लागला. संध्याकाळी नदीपलीकडे न्यूइंग्टनला पकडला, तेव्हा त्याच्याकडे १३ शिलिंग साडेतीन पेनी निघाले. एका दिवसाची ही कमाई त्या वेळच्या मजुराच्या दोन आठवड्यांच्या मजुरीहून जास्त. धुऊन काढल्यावर आतून चांगला गोरागोमटा, पिवळ्या दाढीचा गडी निघाला. मग लघवीला जाऊन येतो म्हणाला आणि तसाच उघडा शेतातून पळाला.

१५६७ च्या सुरुवातीला छापखानेवाल्यानंच त्याला पुन्हा पाहिलं. या वेळी अंगावर चांगला काळा कोट, डोक्यावर टोपी, सभ्य गृहस्थ. न्यूइंग्टनला त्याचं नीटनेटकं घर होतं, बायको होती. त्याला चीपसाइडच्या बाजारात खोड्यात उभं केलं, गाडीच्या मागं बांधून फटके मारले. त्याचा त्या सोंगातला चेहरा रंगवून तो फलक त्याच्यापुढे मिरवला. ते चित्र नंतर ब्राइडवेलच्या तुरुंगात लावून ठेवलं होतं म्हणे.

फिटचं सोंग करणाऱ्याला त्या लोकांत 'क्रँक' म्हणत. तोंडात पांढऱ्या साबणाचा तुकडा धरला की फेस येतो. मुक्याचं सोंग करणारा 'डॉमरर'. असाच एक जण हार्मनला भेटला, तेव्हा त्यानं आणि एका शस्त्रवैद्यानं त्याला मनगटं बांधून तुळईला टांगलं, तो बोलेपर्यंत. पुस्तकात हे मोठ्या अभिमानानं सांगितलं आहे. युक्ती भिकाऱ्याची आणि छळ जमीनदाराचा, दोन्ही एकाच पानावर.

आता शब्दांकडे येऊ. या बोलीला 'कँट' म्हणत. तिची गंमत अशी की तिला स्वतःचं व्याकरण नाही. वाक्यं सगळी साध्या इंग्रजीची, फक्त नामं आणि थोडी क्रियापदं बदललेली. त्यातही शब्द पाडायची एक सोपी कळ होती: 'चीट' म्हणजे वस्तू. तिच्यापुढे ती वस्तू काय करते ते लावायचं. 'ग्रंटिंग चीट' म्हणजे गुरगुरणारी वस्तू, डुक्कर. 'क्वॅकिंग चीट' बदक. 'स्मेलिंग चीट' नाक, 'प्रॅटलिंग चीट' म्हणजे बडबडी वस्तू, अर्थात जीभ. तान्ह्या मुलाला 'ललबाय चीट', अंगाईवाली वस्तू. मला हा शब्द फार आवडतो. चोरांच्या शब्दांच्या यादीत अंगाई सापडते, कारण या रस्त्यांवर बायका-पोरंही होती, कुटुंबंच्या कुटुंबं होती.

दुसरी कळ, शेवटी 'मन्स' लावायचं: रात्रीला 'डार्कमन्स', दिवसाला 'लाइटमन्स'. 'रोम' म्हणजे चांगलं आणि 'क्वियर' म्हणजे वाईट. लंडन 'रोमव्हिल', तुरुंग 'क्वियर केन'. 'केन' म्हणजे घर, 'बूझिंग केन' म्हणजे गुत्ता. आज इंग्रजीत आणि आपल्याकडच्या पार्ट्यांतही 'बूझ' म्हणतात, तो शब्द तिथलाच वर आलेला. काही शब्दांना लॅटिनचा वास येतो, 'बेन' म्हणजे चांगलं, 'पॅनम' म्हणजे भाकरी. मठ मोडल्यावर रस्त्यावर आलेल्या, थोडंफार लॅटिन येणाऱ्या लोकांचा तो हातभार असावा असं मला वाटतं. जर्मनीत १५१० च्या सुमाराला भिकाऱ्यांवर एक पुस्तक आलं, त्यातही भाकरीला हिब्रू शब्द आहे. ते पुस्तक १५२८ मध्ये स्वतः मार्टिन लूथरनं प्रस्तावना लिहून पुन्हा छापलं आणि मीही अशा लोकांकडून फसलो आहे हे त्यात कबूल केलं.

अशी बोली अनोळखी माणसाला कळू नये एवढ्यापुरतीच असते. आपल्या मुंबईच्या गुन्हेगारी जगात 'पेटी' म्हणजे लाख, 'खोका' म्हणजे कोटी, 'घोडा' म्हणजे पिस्तूल. व्याकरण मराठी-हिंदीचंच, नामं तेवढी बदललेली. आणि एकदा 'सुपारी' हा शब्द वर्तमानपत्रात मथळ्यात आला की तो गुप्त राहत नाही, मग दुसरा शोधावा लागतो. म्हणून अशा याद्या नेहमी शिळ्याच असतात.

युक्त्यांच्या बाबतीत मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतो तो एक सरकारी कागद. विल्यम फ्लीटवुड हा लंडनचा न्यायाधिकारी होता. १५८५ च्या जुलैत त्यानं राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड बर्ली याला पत्र लिहिलं. बिलिंग्जगेटजवळच्या धक्क्यावर वॉटन नावाच्या माणसाचा गुत्ता होता, आणि तिथं पाकीटमारांची शाळा चालायची. मराठीत आपण 'शाळा केली' म्हणतो ती वेगळी, ही खरोखरची. दोन वस्तू टांगलेल्या असायच्या: एक खिसा, एक पैशांची थैली. खिशात चकत्या, थैलीत चांदीचं नाणं. दोन्हींभोवती ससाण्यांच्या पायात बांधतात तशी घुंगरं आणि वर देवळातल्यासारखी छोटी घंटा. एकही घुंगरू न वाजवता खिशातून चकती काढली की तुम्ही 'फॉइस्टर' झालात, आणि थैलीतून नाणं काढलं की 'निपर'.

ही दोन कौशल्यं वेगळी, आणि त्यांच्यात जातिभेदही होता. पैशांची थैली कमरेला दोरीनं लटकवत, ती कापणारा तो 'निप'. बोटांनी काढणारा 'फॉइस्ट'. रॉबर्ट ग्रीन या लेखकानं १५९१ पासून लंडनच्या फसवणुकीवर पुस्तिका काढल्या, त्यात तो सांगतो की फॉइस्ट स्वतःला इतका वरच्या दर्जाचा समजे की जेवताना मांस कापायलासुद्धा सुरी जवळ ठेवायचा नाही. न जाणो, कुणी आपल्याला निप समजलं तर! कोणत्याही धंद्यातल्या कारागिराला ही अढी ओळखता येईल.

ग्रीननंच 'कोनी कॅचिंग'चं वर्णन केलं आहे. कोनी म्हणजे ससा, आपण ज्याला बकरा म्हणतो तो. गावाकडून कामाला आलेला शेतकरी हेरायचा. पहिला माणूस त्याच्याशी रस्त्यात सहज बोलतो, नाव-गाव-नातेवाईक काढून घेतो आणि निघून जातो. पुढच्या वळणावर दुसरा भेटतो, एकदम नावानं हाक मारतो, तुमच्या शेजारच्या अमक्याचा मी पाहुणा म्हणतो. शेतकरी विरघळतो. तेही जमलं नाही तर रस्त्यात एक शिलिंग टाकायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत उचलायचं: सापडलं ते दोघांचं, चल, अर्ध्याची पिऊ. मग गुत्त्यात पत्ते निघतात. शेतकऱ्याला खालचं पान ओळखायची एक युक्ती गुपचूप शिकवली जाते, आणि आत 'चुकून' तिसरा माणूस येतो, जो थोडा प्यायलेला आणि फारच भोळा वाटतो.

यातली खरी चावी पत्त्यांत नाही. आपण दुसऱ्याला फसवतो आहोत असं शेतकऱ्याला वाटतं, ती आहे. थैली रिकामी झाल्यावर तो तक्रार कुठल्या तोंडानं करणार? आजही बँकेबाहेर 'काका, तुमचे पैसे पडलेत' म्हणणारा असतो, आणि फोनवर आधी आपलं पूर्ण नाव घेणारा 'बँकेतून' बोलणारा असतो. पहिला माणूस म्हणजे आता कुठूनतरी फुटलेली माहितीची यादी, एवढाच फरक.

फाशांबद्दल फार लिहीत नाही. १५५२ च्या एका इंग्रजी पुस्तिकेत खोट्या फाशांचे कितीतरी प्रकार आहेत. एक लबाडी अशी की फासा एका बाजूला किंचित लांब घासायचा, म्हणजे चार आणि तीन क्वचितच पडतात. असे फासे तुरुंगात बसलेले कारागीर बनवून बाहेर विकायचे, असंही त्यात आहे. शकुनीच्या फाशांची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता संशयाकडे. ग्रीननं आणि त्याच्या नंतर १६०८ मध्ये टॉमस डेकरनं मजेत लिहिलं, पण डेकरनं हार्मनची यादी जवळजवळ तशीच उचलली. पुढच्या दोन शतकांत निघालेल्या चोरभाषेच्या कोशांत तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. पाच पुस्तकांत शब्द आहे म्हणजे पाच साक्षी झाल्या असं नाही, साक्ष एकच आणि नकला चार. शब्दसंग्रहात ही चूक फार होते.

माझ्यावरही ती वेळ आली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका जनावरांच्या बाजारात दलालांची बोली टिपायला मी जायचो. तिथं किमती तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात, बोटं दाबून आकडा, चेहरे मख्ख. त्याला जोड म्हणून आकड्यांसाठी काही बोली शब्दही असतात. एका वयस्क दलालानं मला हॉटेलात बसून अकरा शब्द दिले. मी खूश होऊन अकरा कार्डं केली. पुढच्या दोन वर्षांत इतर बाजारांत विचारलं, तर अकरापैकी दोनच लोकांना ठाऊक. नऊ कुणी कधी ऐकलेच नव्हते. परत त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, तेव्हा म्हातारा मनापासून हसला. "साहेब, तुम्ही चहा पाजत होता. चहा संपायच्या आधी शब्द संपले असते तर बरं दिसलं असतं का?"

हार्मनकडचे भिकारीही बीअर संपेपर्यंत शब्द देत नसतील कशावरून?

म्हणून मी तीन गोष्टी पाहतो. हाच शब्द दुसऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कागदात येतो का? तो रोजच्या गरजेच्या गोष्टीचा आहे का, म्हणजे भाकरी, झोपायची जागा, पोलीस, पैसा? आणि तो बोलता बोलता आला, की यादी करायला बसल्यावर? पहिल्या कसोटीला उतरणारा एक फार जुना कागद आहे, फ्रान्समधल्या दिझों गावातला १४५५ चा खटला. शिंपल्यांवरून 'कोकियार' म्हणवणारी टोळी पकडली गेली आणि कोर्टाच्या कागदपत्रांत त्यांचे शब्द उतरले. तिथं थैली कापणाऱ्याला 'द्राक्षं तोडणारा' म्हणत. द्राक्षाचा घड आणि कमरेला लटकणारी थैली, दोन्ही देठातून कापायचे. असा शब्द कुणी टेबलावर बसून रचत नाही.

आपल्याकडचा कागद म्हणजे ठगांच्या मागे लागलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याचा. ठगांच्या 'रामसी' बोलीचा त्याचा संग्रह १८३६ मध्ये कलकत्त्याला निघाला. गळा आवळणारा 'भुर्तोत', वाटसरूला गोड बोलून जवळ आणणारा 'सोठा', खड्डे खणणारा 'लुघा', इशारा म्हणजे 'झिरणी', आणि तो इशारा अनेकदा 'तंबाखू आण' असल्या साध्या वाक्यात दिलेला. ठग हा शब्द आपल्या भाषांत आधीपासूनच होता, तो संस्कृत 'स्थग'पासून आला. पण स्लीमनला हे शब्द कुणी दिले? माफीचे साक्षीदार झालेल्या कैद्यांनी. ज्यांचा गळा फासापासून वाचला होता तो बोलण्यामुळेच. त्याच वर्षी कायदा झाला की ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप, विशिष्ट खून दाखवण्याची गरज नाही. म्हणजे 'हा ठग' असं म्हणता आलं की पुरे, आणि त्याला ठग ठरवायला एक भाषा आयती हाताशी. सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही, रस्त्यांवर खून पडत होतेच. पण हा शब्दसंग्रह वाचताना साक्षीदाराच्या पायातल्या बेड्या विसरून चालत नाही.

त्याचाच पुढचा टप्पा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तिथं तर माणूस काही करो न करो, जन्मानंच यादीत. रोज हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं असेल त्यांना तीच माणसं आतून कशी दिसतात ते माहीत आहे. हार्मनला ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण तो जिन्याच्या वरून बघत होता.

कोशाच्या कामात मला यातली एक नोंद सगळ्यात जड गेली, आणि ती कुठल्या परक्या भाषेतली नव्हती. शब्द होता 'भामटा'. मराठीत त्याचा अर्थ ठक, लुच्चा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या सरकारी यादीत 'भामटा' हे एका जातीचं नाव आहे आणि त्याखाली पोटजातींत 'उचले' आणि 'घंटीचोर' अशी नावं आहेत. म्हणजे पोरगी दहावी पास होऊन दाखला काढायला जाते आणि दाखल्यावर हा शब्द घेऊन येते. आधीच्या मसुद्यात दोन्ही अर्थ एकाच नोंदीत, १ आणि २ असे होते. मी त्या वेगळ्या केल्या. जातिनामाची नोंद आधी, स्वतंत्र, तिच्यात दुसरा अर्थ नाही. 'ठक' या अर्थाची नोंद नंतर. तिला उदाहरण म्हणून कुणीतरी जुन्या पोलीस अहवालातलं वाक्य लावलं होतं. ते मी काढलं आणि तिथं बाजारातलं एक साधं वाक्य लावलं: "भामटा कुठला, सुटे नाहीत म्हणून दहा रुपये ठेवून घेतले."